बिनकुलपाची बराक

जन्मठेपेच्या शिक्षेतील शेवटची काही वर्षे मी पैठणच्या खुल्या कारागृहात काढली. खुले कारागृह म्हणजे काय, तेथे कोणाला पाठवतात आणि तेथे माणूस दिवसभर करतो तरी काय, याविषयी आमच्या अमळनेर भागात लोकांच्या कल्पना फार विचित्र आहेत. काहींना ते सरकारी विश्रामगृह वाटते, तर काहींच्या मते ओळखीपाळखीशिवाय तेथे शिरकावच होत नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. ते कारागृहच असते, फक्त बराकींना कुलूप नसते आणि निवडलेले बंदी शेतीत काम करत शिक्षा भोगतात. ज्यांची माणसे आज आत आहेत अशी घरे खान्देशात पुष्कळ आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून जे स्वतः पाहिले तेवढे लिहीत आहे.

शिक्षेचे कारण थोडक्यात सांगतो. शेताच्या बांधावरून भावकीत हाणामारी झाली, तीत एक माणूस गेला आणि सत्र न्यायालयाने आम्हा तिघांना कलम ३०२ खाली जन्मठेप सुनावली. याहून अधिक येथे लिहिणार नाही, कारण ज्यांच्या घरातला माणूस गेला ती मंडळी त्याच गावात राहतात आणि त्यांचे दुःख हा माझ्या लेखनाचा विषय होऊ शकत नाही.

खटला चालू असताना काही काळ आम्ही धुळ्याच्या जिल्हा कारागृहात होतो. याच कारागृहात १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले, हे खान्देशातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कच्चे कैदी म्हणून तेथे बसलेले आम्ही त्या गोष्टीची थट्टाच करायचो. सत्याग्रहींनी तुरुंगाचा आश्रम केला असेल, पण ते स्वतःच्या मर्जीने आणि एकाच कामासाठी आत आलेले होते. आमच्यात चोरीचा आरोप असलेला, बायकोला जाळल्याचा आरोप असलेला आणि बांधावर कुऱ्हाड चालवलेला, असे सगळे एका रांगेत झोपत होते. अशा माणसांची मिळून वस्ती होऊ शकते, यावर तेव्हा माझा काडीचाही विश्वास नव्हता.

शिक्षा लागल्यावर नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात गेलो. तेथील दिनक्रम सर्वांना ऐकून माहीत असतो: पहाटे बराक उघडली की टोटल म्हणजे बंद्यांची मोजणी, मग चहा, मग ज्याच्या त्याच्या कारखान्यात काम, दुपारी पुन्हा टोटल, आणि सूर्य मावळण्याआधी जेवण हातात घेऊन बराकीत बंदी. मला विणकामाला लावले होते आणि कामाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नव्हते. बंद कारागृहाची खरी शिक्षा भिंतीत नसते, असे मला आज वाटते. कधी उठायचे, कोणाशेजारी झोपायचे, किती वाजता भूक लागली पाहिजे, हे सगळे दुसरा कोणीतरी ठरवतो आणि काही वर्षांनी माणसाला त्याची सवय होते. ही सवय किती खोल गेली आहे ते आत असेपर्यंत कळत नाही.

खुल्या कारागृहासाठी निवड १९७१ सालच्या महाराष्ट्र खुले कारागृह नियमांनुसार होते. कारागृहातील न्यायिक विभाग पात्र बंद्यांची यादी तयार करतो आणि ती निवड समितीपुढे जाते. शिक्षेचा पुरेसा भाग भोगून झालेला असावा, वर्तन चांगले असावे, दुसरा खटला प्रलंबित नसावा, पळून जाण्याचा इतिहास नसावा, आणि अंगमेहनतीचे काम झेपेल अशी प्रकृती असावी, हे ढोबळ निकष आहेत. पण आतली जुनी माणसे सांगत, आणि मलाही ते पटले, की सगळ्यात वजन पडते ते रजेवरून वेळेवर परत येण्याला. संचित रजा, जिला आत सगळे फर्लोच म्हणतात, आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, या दोन्ही १९५९ च्या नियमांखाली मिळतात. ठरल्या दिवशी स्वतःच्या पायांनी फाटकाशी आलेल्या माणसाची नोंद हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे बंद्याच्या नोंदपत्रावर होते, आणि ही नोंद कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा मोठी असते.

त्यामुळे खुल्या कारागृहाची वाट खरे तर गावातूनच सुरू होते. रजेच्या अर्जावर स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात, फिर्यादी पक्षाला धोका आहे का ते पाहतात, आणि जामीनदार लागतो. माझ्या पहिल्या रजेला जामीनदार मिळता मिळेना. नात्यातल्या दोघांनी आधी होकार दिला आणि कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा एकाला मुंबईचे काम निघाले, तर दुसऱ्याच्या घरी सातबारा सापडेना. अखेर माझ्या मामांनी सही केली. पुढे पैठणला निवड झाली तिच्या मुळाशी ही एक सही आहे, असे मी मानतो.

समितीपुढे मला फार प्रश्न विचारले नाहीत. शेती येते का, एवढे विचारले. मी म्हणालो, कपाशी, ज्वारी आणि थोडीफार केळी येते. उसाचे काय, असे विचारल्यावर शिकेन म्हणालो.

पैठणचे हे कारागृह जायकवाडी धरणाच्या परिसरात आहे. गोदावरीवरच्या त्या धरणाचा जलाशय, नाथसागर, म्हणजे आम्हा तापी-गिरणाकाठच्या माणसांना समुद्रच. बाजूची जमीन काळी आणि ओलिताखालची. गाडीतून उतरलो तेव्हा कागदपत्रे झाली, अंथरूण मिळाले, बराकीचा क्रमांक सांगितला आणि हवालदार साहेब स्वतःच्या कामाला निघून गेले. मी अंथरूण बगलेत धरून बराकीच्या दारासमोर उभा राहिलो. दार नुसते लोटलेले होते, कडीही नव्हती, पण मी उभाच. आतून साक्रीकडचे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळे नाना म्हणत, बाहेर आले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “लोट ना भो, आठे कोन्ही येवाव नही उघडाले.” इतक्या वर्षांत मी एकही दार स्वतः उघडले नव्हते, हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते.

दिवस पहाटे टोटलने सुरू होई, तेवढे नाशिकरोडसारखेच. त्यानंतर मात्र सगळे वेगळे. चहा-नाश्ता झाला की टोळ्या पडत: एक टोळी उसात, एक भाजीपाल्याच्या वाफ्यांत, एक गोठ्यावर, काही जण स्वयंपाकघरात, तर ज्यांच्या हातात कसब आहे ते सुतारकाम किंवा पंपदुरुस्तीला. प्रत्येक टोळीचा मुकादम आमच्यातलाच बंदी असे. कृषी पर्यवेक्षक सकाळी काम सांगून जात आणि संध्याकाळी पाहून जात. मधल्या वेळेत निंदणी पूर्ण होते की नाही, हे सर्वस्वी टोळीवर होते. शेतातील माल आमच्या स्वयंपाकघराला लागे आणि उरलेला इतर कारागृहांना जाई. बंद कारागृहातल्या पातळ भाजीत बुडलेली वांगी कुठून येत होती, ते मला तेव्हा कळले आणि थोडे हसूही आले.

कामाचा मोबदला मिळतो, पण तो इतका नसतो की त्यासाठी कोणी उन्हात राबावे. माणसे राबत ती माफीसाठी. महाराष्ट्रात खुल्या कारागृहातील बंद्याला महिन्याला तीस दिवसांची माफी मिळते. म्हणजे एक दिवस काढला की हिशेबात दोन दिवस सरतात. जन्मठेपवाल्याला मात्र यात एक अट आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप लागली असेल, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ नुसार माफी धरून कितीही बेरीज झाली तरी प्रत्यक्ष चौदा वर्षे आत काढावीच लागतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कलम ४७५ म्हणून कायम आहे. घरच्यांना हा हिशेब कोणी नीट समजावून सांगत नाही, आणि मग दर दिवाळीला ‘आता सुटेल’ म्हणून वाट पाहणे चालू राहते.

शेती हा लांब पल्ल्याचा उद्योग आहे आणि तुरुंगातला माणूस स्वतःच्या तारखेपलीकडे पाहत नाही, ही तेथील एक गमतीदार अडचण होती. रावेरकडच्या एकाने विहिरीलगत केळी लावण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, पण खड्डे खणायला माणसे मिळेनात. ज्याची सुटका वर्षाच्या आत होती तो म्हणे, घड मी थोडाच खाणार आहे? यावर त्या रावेरकराने तोडगा असा काढला की ज्यांची शिक्षा लांब उरली आहे त्यांनाच त्याने टोळीत घेतले, आणि पुढे केळीच्या टोळीत असणे म्हणजे सुटायला पुष्कळ अवकाश असणे, असा अर्थ रूढ झाला. कोणी कोणावर चिडला की म्हणायचा, तुला केळीत टाकू का?

उन्हाळ्यात शेतीपंपाची वीज रात्रीची असली की पाणी रात्री भरावे लागे. उसाला पाणी भरायला एक माणूस पुरतो; एक सरी भरली की फावड्याने तिचे तोंड बंद करायचे आणि पुढच्या सरीचे फोडायचे. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा बॅटरी आणि फावडे हातात देऊन मुकादमाने एवढेच सांगितले की शेवटच्या सऱ्यांना उतार कमी आहे, घाई करू नको. डोक्याएवढ्या उसात मी एकटा होतो. समोर रस्त्यावरून पैठणकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसत होते. पळून जाण्याचा विचार मनात आला का, असे मला अनेकांनी विचारले आहे. विचार आला, पण तो पळण्याचा नव्हता. पाणी एका जागी फुटून बाजूच्या मोकळ्या रानात जाऊ लागले होते, ते अंधारात नेमके कुठून फुटले हे सापडत नव्हते, आणि विचारायला कोणी नव्हते. नाशिकरोडला असे काही झाले असते तर मी कोणाला तरी हाक मारून बाजूला उभा राहिलो असतो. येथे चिखलात हात घालून उंदराचे बीळ शोधले, त्यात माती ठोसली, वर गवताचा पेंढा दाबला आणि पाणी थांबवले. सकाळी मुकादमाने पाहून काहीच म्हटले नाही.

रात्रीही टोटल होई, पण दाराला कुलूप लागत नसे. मग माणसे जात का नाहीत? याचे उत्तर मी तेथे राहून असे शोधले. एकतर माफीचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात पक्का असतो. पण तेवढ्याने भागत नाही, कारण हिशेब कितीही पक्का असला तरी घरून वाईट निरोप आला की माणसाचे डोके ठिकाणावर राहत नाही. अशा वेळी अडवतात ती शेजारची माणसे. आमच्यापैकी एक जण रजेवर गेला तो परतलाच नाही. पोलिसांनी शोधून आणल्यावर त्याची रवानगी थेट बंद कारागृहात झाली. त्यानंतर बरेच दिवस सगळ्यांच्याच रजेच्या कागदांची छाननी कडक झाली. बहिणीच्या लग्नासाठी अर्ज केलेल्या एका पोराची रजा लग्न होऊन गेल्यावर मंजूर झाली. तेव्हापासून कोणी रजेवर निघाला की चार जण त्याला फाटकापर्यंत सोडायला जात आणि परतीची तारीख त्याच्याकडून वदवून घेत. यात माया होती तसा स्वार्थही होता, आणि मला वाटते की या दोहोंच्या जोरावरच ती वस्ती चालत होती. धुळ्यात मी ज्यांची थट्टा केली होती त्या सत्याग्रहींपाशी समान ध्येय होते; आमच्यापाशी समान धोका होता. त्यानेही काम भागते.

स्वयंपाकघराचा कारभार पाहायला आमच्यातून पंच नेमलेले असत. शिधा किती मिळणार हे ठरलेले असे, पण त्याचे काय करायचे यावर वाद झडत आणि ते वाद खुनाच्या खटल्यांइतक्या गंभीरपणे चालत. खान्देशची मंडळी तिखटावर अडून बसत. कोकणातल्या दोघांना ते सोसत नसे. नगरकडचे कोणत्याही बाजूला जात. शेवटी डाळ सौम्य करायची आणि लसूण-मिरचीची फोडणी वेगळ्या पातेल्यात ठेवायची, असे ठरले. हिवाळ्यात पर्यवेक्षकांच्या परवानगीने आम्ही कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत करायचो. भरताची वांगी गॅसवर भाजली तरी चालतात, असे एका पुणेकराने म्हटले तेव्हा नानांनी त्याच्याशी दोन दिवस बोलणे टाकले होते.

पंचांपुढे इतरही गोष्टी येत: उसनवारी, तंबाखू, अंघोळीच्या पाण्याचा क्रम, कोणाचे तरी रात्री मोठ्याने भजन म्हणणे. दारू, मोबाइल आणि हद्द ओलांडणे या गोष्टी मात्र पंचांच्या कक्षेत नव्हत्या. त्या साहेबांकडे जात आणि त्यांचा निकाल परत पाठवणी हाच असे. बहुतेक भांडणे साहेबांपर्यंत न जाऊ देण्यातच सर्वांचे हित असल्याने पंचांचे ऐकले जाई. नाना दोनदा पंच झाले. निवाडा देताना ते फार वेळ काही बोलत नसत आणि दोन्ही पक्ष कंटाळून आपापसांत मिटवत. ही त्यांची पद्धत मी पुढे गावातही वापरून पाहिली आहे.

सगळ्यांनाच हे मोकळेपण मानवले असे नाही. मुंबईच्या एका तरुणाने महिनाभरातच मला परत पाठवा म्हणून अर्ज केला. त्याला शेतीचा तिटकारा होता हे एक कारण, पण तो मला म्हणाला की भिंतीच्या आत असताना डोके शांत असते, येथे रोज रस्ता दिसतो. त्याचे म्हणणे मला खोटे वाटले नाही.

माझी माय वर्षातून एक-दोनदा मुलाकातीला येई. अमळनेरहून धुळे, मग चाळीसगाव, कन्नडचा घाट, छत्रपती संभाजीनगर आणि तेथून पैठण, असा एसटीचा दिवसभराचा प्रवास. नाशिकरोडला जाळीपलीकडून आरडाओरडा करत बोलावे लागे. येथे झाडाखाली समोरासमोर बसता येई. पहिल्यांदा आली तेव्हा तिने बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची पिशवी पुढे ठेवली, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, “आठे कुलूप नही शे का रे भाऊ?” नाही म्हटल्यावर तिला आनंद होईल असे मला वाटले होते. ती घाबरली. कोणी बाहेरचा आत येऊन मला काही करील, ही भीती तिला वाटली. तिचा नातू तेव्हा सोबत होता. त्याला गोठ्यातली वासरे पाहायला मिळाली आणि गावात जाऊन त्याने काका शेतात नोकरीला आहे असे सांगितले.

कुटुंबाला सोबत राहता आले असते तर, असा विषय आमच्यात नेहमी निघे. हे अगदीच स्वप्न नव्हे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून खुली वसाहत आहे. औंध संस्थानाने ती १९३९ साली वसवली आणि तेथे बंदी बायकामुलांसह राहून शेती करतात. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला १९६३ पासून असेच शिबिर चालू आहे. तेथले बंदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर जाऊन स्वतःची कमाई करतात आणि हजेरीसुद्धा त्यांची पंचायत घेते. माझ्या मते जन्मठेपेच्या बंद्याला खुल्या कारागृहात शेवटी शेवटी नेण्याऐवजी बरेच आधी न्यावे. शेवटी नेईपर्यंत बहुतेकांची लग्ने मोडलेली असतात, आणि ज्या संसारात परत जायचे त्याची नुसती चौकट उरलेली असते. अर्थात, आमच्या फिर्यादी पक्षाला हे मत ऐकवण्याचे धैर्य मला होणार नाही.

सुटकेचा आदेश शासनाकडून येतो आणि तो कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार शासनाचे वर्गीकरण असते, त्यात किती वर्षांच्या वर्गात आपण बसलो यावर सगळे अवलंबून. माझा आदेश आला तेव्हा मी भाजीच्या वाफ्यात होतो. बोटांचे ठसे, जमा असलेले पैसे, कपडे, सह्या, एवढे झाल्यावर दुपारच्या एसटीत बसलो.

गावी परतल्यावर पहिले काही महिने अवघड गेले, पण नाशिकरोडहून थेट सुटलेल्या माझ्या चुलतभावाइतके नाही. तो अजूनही संध्याकाळी दिवस मावळला की घरात जाऊन बसतो आणि जेवायला वाढ असे स्वतः होऊन म्हणत नाही. मला पिकाचे नियोजन करता येत होते, पैसे मोजून देता-घेता येत होते, आणि चार माणसांच्या भांडणात आवाज न चढवता बसता येत होते. बांधाचा जुना वाद आम्ही मोजणी आणून मिटवला. मोजणीत जे त्यांच्या बाजूने निघाले ते सोडून दिले.

आता आजूबाजूच्या गावांतून लोक विचारायला येतात. त्यांना मी वकिलाच्या आधी जामीनदार शोधायला सांगतो. सातबाराचा ताजा उतारा, ओळखपत्र आणि रहिवासाचा दाखला तयार ठेवा, पोलीस पाटलाला आधी भेटा, ठाण्यातून चौकशीला कोणी आले तर घरात जबाबदार माणूस हजर असू द्या, आणि रजा मिळाली तर परतीच्या आदल्या दिवशीच निघा. चाळीसगावच्या घाटात गाडी अडकली म्हणून उशीर झाला, हे कारण खरे असले तरी हिस्ट्री तिकिटावर फक्त उशीर लिहिला जातो.